आहेराची चाकं

"मग मी पण सांगतो," पूर्णिमा म्हणाली, "त्या चाकांवर रविवारी मी गाडी पळवणार न्हाय."

"नको पळवू. पावण्यांना सांगतो, पोरगी भ्याली म्हणून," तिचे वडील विजयसिंह म्हणाले.

"भ्यालो न्हाय मी. गाडी वळंना झाल्या."

"वळंना म्हणजे? चाकं गोलच हायत की."

यावर आक्का हसल्या. विजयसिंहांची ही थोरली बहीण नवरा गेल्यापासून भावाकडेच राहत होती. भांडणात ती सहसा बोलत नसे, भावाच्या विनोदाला हसून आपली बाजू सांगून टाकत असे. पूर्णिमानं आत्याकडे बघितलं नाही. तिनं आईकडे बघितलं. संयोगिता तव्यावरची भाकरी उलटत होती. भाकरी उलटून झाली, फुगली, तरी तिनं मान वर केली नाही.

"गाडीची जुनी चाकं जिन्याखाली हायत," पूर्णिमा पुन्हा म्हणाली. "शनिवारी उद्यमनगरात नेऊन बसवतो. रविवारी पळवतो. सोमवारी परत ही बसवतो. एका दिवसाचा प्रश्न हाय, पप्पा."

"आणि रविवारी बाळासो पावणं येणार हायत ते काय बघायला? त्यांनी दिलेला आहेर उतरवून ठेवलाय हे बघायला?"

आता आक्कांना राहवलं नाही. त्या म्हणाल्या, सासरच्यांनी शालू दिला आणि ते जेवायला आले त्या दिवशी पोरगी जुनेर नेसून पुढं आली, तर काय म्हणतील? विजयसिंहांना हा दाखला फार आवडला. त्यांनी तो दोनदा मान हलवून घोटून घेतला, हात धुतला, आणि जाताना जिन्याखालच्या खोलीचं कुलूप ओढून बघितलं. किल्ली त्यांच्या खिशात होती. दुसरी किल्ली संयोगिताच्या डब्यात होती, कारण त्या खोलीत तिची सणावाराची मोठी पातेलीही असत. ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती.

घर शिवाजी पेठेतलं, गल्लीच्या तोंडाला. खाली विजयसिंहांचं हार्डवेअरचं दुकान, वर राहणं, आणि दुकानाच्या बाजूला पत्र्याच्या छपराखाली ती गाडी. दोन माणसांची, बुटकी, गर्द हिरवी, जमिनीला पोट टेकल्यासारखी. तालमीत जाणारी पोरं रोज जाता-येता तिच्याकडे बघत. ती विजयसिंहांची नव्हती, पण आता लोक तिला विजयसिंहांचीच म्हणत.

गाडी संयोगिताच्या वडिलांची. आकारामांचं उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप होतं. गोव्याच्या एका हॉटेलवाल्यानं परदेशी स्पोर्ट्स कार झाडावर घातली, ती त्यांनी भंगाराच्या भावानं उचलून आणली आणि पुढची काही वर्षं रविवार, अमावास्या, दिवाळीची सुट्टी, सगळं तिच्यावर घालवलं. मिळाले ते भाग आणले, मिळाले नाहीत ते लेथवर काढले. पुढच्या चाकांवरची चेपलेली पत्र्याची पाखं लाकडी हातोडीनं ठोकून ठोकून पहिल्यासारखी केली. एकुलती एक मुलगी शेजारी बसून हे बघत होती आणि गाडी चालू झाली तेव्हा तीच पहिल्यांदा तिच्यात बसली. जोतिबाच्या रस्त्यावर आकारामांनी तिला चालवायला शिकवलं. त्यांचं एकच सांगणं असे: "गाडी हातानं न्हाय, बुडानं चालवायची. खाली काय चाललंय ते बुडाला पहिलं कळतंय."

संयोगिताला ते कळत होतं. वळणावर मागचं चाक सुटायच्या आधी गाडी जराशी हलकी होते, दम धरल्यासारखी, हे तिला वयाच्या अठराव्या वर्षी माहीत होतं. लग्नासाठी बघायला आलेल्यांना वडिलांनी कौतुकानं सांगितलं की पोरगी बी. कॉम. आहे, पुरणपोळी करते आणि मोटार चालवते. विजयसिंहांच्या घरच्यांना याचं फार अप्रूप वाटलं होतं. लग्नानंतर त्यांनीही एक लहान चारचाकी घेतली. विजयसिंह ती दुसऱ्या गिअरमध्ये गावभर इंजिन ओरडवत फिरवायचे. रंकाळ्याजवळ एकदा संयोगिता सहज म्हणाली, अहो, गिअर बदला. विजयसिंहांनी गाडी कडेला घेतली, किल्ली काढली आणि तिच्या मांडीवर ठेवली. म्हणाले, "घे, तूच चालव." मागं आक्का बसल्या होत्या, त्यांचे डबे होते. संयोगितानं किल्ली परत दिली. त्यानंतर पंचवीस वर्षं ती नवऱ्याच्या डाव्या बाजूला बसली. मनाई कुणी केली नव्हती. केली असती तर निदान भांडता आलं असतं.

आकाराम गेले तेव्हा दुसरं कोणी नव्हतं, म्हणून गाडी पेठेत आली. विजयसिंहांनी तिच्यावर कापड घालून ठेवली, सणाला कापड काढायचं. पुढं पूर्णिमा अठरा वर्षांची झाली आणि एका पहाटे संयोगितानंच कापड काढलं. शहराबाहेरच्या मोकळ्या मैदानावर तिनं मुलीला शिकवलं, शेजारी बसून, बापाच्याच शब्दांत. पोरीचा हात आईपेक्षा चांगला निघाला. जिल्ह्यातल्या एका मोटर क्लबची दरवर्षी ऑटोक्रॉस असते. डांबरी आवारात प्लॅस्टिकचे शंकू मांडून वाट आखायची, एकेकानं गाडी काढायची, सगळ्यांत कमी वेळेचा पहिला. मुलींच्या गटात पूर्णिमा दोन वर्षं पहिली आली. तेव्हापासून विजयसिंह दुकानात येणाऱ्या प्लंबरलाही तिचा फोटो दाखवत. या वर्षी क्लबनं जाहीर केलं होतं की मुलींत पहिली येईल तिला कोईमतूरच्या ट्रॅकवर सहा महिने शिकायला पाठवणार, सगळा खर्च क्लबचा. पूर्णिमा बोलत नसे, पण तिनं नोकरीच्या ठिकाणी रजेचं विचारून ठेवलं होतं.

आणि मग साखरपुडा झाला.

मुलगा पृथ्वीराज, वारणानगरचा, स्वतःचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. दिसायला चांगला, बोलायला मऊ. त्याला गाड्यांतलं कळतं हे पूर्णिमाला बरं वाटलं होतं. त्याचे वडील बाळासो ऊस वाहतुकीचे ठेकेदार. हंगामात त्यांचे ट्रॅक्टर शिवारापासून कारखान्यापर्यंत रांग लावतात. मोठा माणूस, मोठा आवाज. साखरपुड्याच्या दिवशी साड्या, दागिने, सगळं झाल्यावर त्यांनी मंगल कार्यालयाच्या अंगणात एक टेम्पो आणवला. टेम्पोवर जरीचं कापड. ते ओढून त्यांनी सांगितलं, "पोरीला गाडीचा नाद हाय. मग पोरीला साडी, तसा गाडीलाबी आहेर."

कापडाखाली चार चाकं होती. अठरा इंची अलॉय, काळी, कडेला चंदेरी पट्टी, त्यावर पातळ रबराचे रुंद टायर. गाडीची मूळची चाकं पंधरा इंची. बाळासोंनी ती बघून कीव केली होती. म्हणाले होते, एवढी देखणी गाडी आणि पाय बघा कसे, शेळीचे. ट्रॅक्टरचं मागचं चाक मोठं असतंय ते काय उगंच? चाक मोठं तर एका फेऱ्यात गाडी लांब जाणार, ताकद वाढणार, चिखल असो खड्डा असो, वरनं जाणार. मंडपातल्या सगळ्या पुरुषांनी माना डोलावल्या. अशी गोष्ट कोल्हापुरात अजून कुणी केली नव्हती. मोबाईल निघाले. कुणीतरी संयोगिताच्या हातात ताट दिलं आणि म्हणालं, विहीणबाई, तुमच्या हातानं. तिनं चारी चाकांना हळदकुंकू लावलं. नारळ फुटला. गाडी बाळासोंच्या सांगण्यावरून अंगणात आणून ठेवलेलीच होती, लगेच तिथंच जॅक लावून त्यांच्या माणसांनी चाकं चढवली.

ती बसेनात. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढचा टायर आत पाख्याला घासायचा. माणसं ठेकेदाराची, त्यांना अडचण ही अडचण वाटत नसे. त्यांनी स्प्रिंगांखाली जाडे तुकडे घालून गाडी वर उचलली आणि तरीही घासतंय म्हटल्यावर पाख्याची कड घणानं आत वळवली. ती कड आकारामांनी एका पावसाळ्यात, दिवसाला वीतभर अशी, सरळ केली होती. संयोगिता ताट धरून उभी होती. घणाच्या पहिल्या ठोक्याला तिचं तोंड उघडलं होतं, पण शेजारी विहीण उभी होती, आणि विहिणीनं विचारलं, जेवणात मसालेभात कुणाच्या हातचा? त्याचं उत्तर तिनं दिलं.

जेवतानाच्या त्या भांडणाच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, पूर्णिमानं आईला गाडीत घातलं. म्हणाली, पप्पांना कळत न्हाय, तुला कळतंय, तू बस आणि सांग.

पंचगंगेवरचा पूल ओलांडून त्या जोतिबाच्या रस्त्याला लागल्या. सुरुवातीला तर संयोगिताला वाटलं, पोरगी उगंच तक्रार करत्या. नव्या डांबरावर गाडी छान होती. स्टिअरिंग जरा हलवलं की नाक लगेच तिकडं जायचं, पूर्वीपेक्षाही चटकन, कारण टायरची भिंत पातळ, तिला मुरडायला वेळच लागत नव्हता. पण केर्ली गाव सोडून चढ लागला, जुना ठिगळांचा रस्ता आला आणि तिचा चेहरा बदलला. पूर्वीचा जाड टायर खड्ड्याचा अर्धा धक्का स्वतः गिळायचा. आता प्रत्येक ठिगळ मणक्यात येत होतं आणि प्रत्येक ठिगळावर चाक रस्ता सोडून उडत होतं. उडालेलं चाक वळत नाही आणि थांबतही नाही. रस्त्यावर ट्रकांनी पाडलेली चाकोरी होती, रुंद टायर तिच्यात शिरून गाडीला आपल्या मनानं ओढत होते. पूर्णिमाचे खांदे ताठ झाले होते.

वळणातून बाहेर पडताना तिनं पाय दाबला, आणि काहीच झालं नाही. म्हणजे झालं, पण उशिरा. बाळासोंचं म्हणणं खोटं नव्हतं. मोठं चाक एका फेऱ्यात लांब जातं. पण ते फिरवणारं इंजिन तेच होतं, लहानसं. सायकलला पुढची मोठी दातेरी चकती लावून चढ चढावा तशी गाडी दम खात होती. त्यात चाकाचं वजन जास्त, आणि तेही कडेला. फिरायला लागायलाच त्याला वेळ हवा, आणि एकदा फिरायला लागलं की थांबायलाही. ब्रेकचं पायडल पूर्वीपेक्षा खाली जात होतं. वेगाचा काटासुद्धा खोटं बोलत होता. तो दाखवत होता त्यापेक्षा गाडी जोरात होती.

पण संयोगिताला सगळ्यात वाईट वाटलं ते वेगळंच. एका उजव्या वळणावर मागचं चाक सुटलं, आणि तिला ते आधी कळलं नाही. तो दम धरणं, ते हलकं होणं, काही नाही. वर उचललेली गाडी बाहेर कलली, पातळ टायरनं शेवटपर्यंत घट्ट धरलं आणि मग एकदम सोडून दिलं. पूर्णिमानं सावरलं म्हणून सावरलं. दोघी कडेला थांबल्या.

"कळलं?" पूर्णिमानं विचारलं.

"कळलं."

"मग आता पप्पांना सांग. न्हाईतर किल्ली दे. तुझ्या डब्यात हाय ती. मी शनिवारी चाकं काढून नेतो, तुझं नावबी घेणार न्हाय."

खाली दूरवर शहर दिसत होतं. संयोगितानं पदरानं कपाळ पुसलं. तिच्या मनात बाळासोंचं तोंड आलं, विजयसिंहांचं आलं, लग्नाची ठरलेली तारीख आली, आणि जावयाच्या घरी आयुष्यभर ऐकून घ्यावं लागणारं एखादं वाक्य आलं. मुलीसाठीच तर सांभाळून घ्यायचं, असं तिनं स्वतःला सांगितलं.

"तुझ्या पप्पांना विचार," ती म्हणाली.

पूर्णिमानं गाडी वळवली.

रविवारी कागलच्या अलीकडे एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात स्पर्धा होती. बाळासो सकाळीच आले, पांढरे कपडे, बरोबर दोन गाड्या भरून माणसं. त्यांनी सगळ्यांना चाकं दाखवली. क्लबच्या लोकांनी वाकून बघितलं, एकदोघांनी एकमेकांकडे बघितलं, पण पावण्यांसमोर कोण बोलणार. विजयसिंह बाळासोंच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. संयोगितानं जेवणाचे डबे आणले होते, ती दोरीपाशी उभी राहिली.

पूर्णिमाची गाडी निघाली तेव्हा गर्दीनं शिट्ट्या मारल्या. दिसत होती मात्र फार भारी. पहिला सरळ पट्टा तिनं बरा काढला. मग शंकूंमधली नागमोडी वाट आली. पूर्वी ही वाट तिची होती. गाडी इकडे फेकायची, तिकडे फेकायची, दुसऱ्या गिअरमध्ये, सुईत दोरा ओवल्यासारखी. आता दुसरा गिअर जड पडत होता आणि पहिला फार हलका. प्रत्येक वळणानंतर गाडी क्षणभर विचार करून मग निघत होती. आवारातल्या फुटक्या डांबरावर पुढची चाकं टणाटण उडत होती. अगदी शेवटचं, पूर्ण उलटं फिरायचं वळण आलं. तिथं तिनं पूर्वीच्याच जागी ब्रेक दाबला असावा. गाडी पूर्वीच्या जागी थांबली नाही. पुढचा टायर आत घासल्याचा आवाज दोरीपर्यंत आला, मागची बाजू एकदम सुटली आणि तीन शंकू उडाले. एकेका शंकूची शिक्षा वेळेत धरतात. दुसऱ्या फेरीत तिनं शंकूंना हात लावला नाही, पण त्यासाठी ती इतकी जपून गेली की शिट्ट्याही थांबल्या.

ती तिसरी आली. पहिली आलेली मुलगी कागलचीच होती, भावाची साधी चारचाकी घेऊन आली होती, कंपनीतून आली तशा लोखंडी चाकांची. कोईमतूर तिला मिळालं.

बक्षिसं झाली. बाळासोंनी पूर्णिमाच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "असू दे, असू दे. पोरीचा हात अजून बसला न्हाय. पण गाडी काय दिसत हुती, व्हय की न्हाय?"

सगळे व्हय म्हणाले. संयोगितानं नवऱ्याकडे बघितलं. दोन वर्षं पहिली आलेल्या मुलीचा फोटो ज्याच्या दुकानात लावला होता, तो माणूस हसून म्हणाला, "व्हय, सराव कमी पडला जरा. लग्नाच्या गडबडीत लक्ष न्हाय तिचं."

पूर्णिमानं हेल्मेट काढून काखेत धरलं होतं. केस घामानं चिकटले होते. ती मान हलवून गाडीकडे गेली आणि तिच्या मागून पृथ्वीराज गेला. संयोगिता पाण्याची बाटली द्यायला निघाली होती, ती गाडीच्या मागच्या बाजूला पोचली तेव्हा तो खाली बसून घासलेल्या टायरवरून बोट फिरवत होता.

"तुझी चूक न्हाय," तो हळू म्हणाला. "चाकांमुळं झालं. मला साखरपुड्यादिवशीच कळलं हुतं. एवढ्या लहान इंजिनाला अठरा इंची घालत न्हाईत. वर गाडी उचलली म्हणजे संपलंच."

"मग बोलला का न्हाईस?"

"आबांनी हौसेनं आणलेली. चार लोकांत कसं बोलणार?"

"नंतर बोलायचं. फोनवर रोज बोलत हुतास की."

तो उठला, हात झटकले. संयोगिता मागं आहे हे त्याला दिसलं, पण सासूला ऐकू जायला हरकत नसावी असाच त्याचा आवाज राहिला. "हे बघ, खरं सांगू का, झालं ते बरंच झालं. कोईमतूरला सहा महिनं गेली असतीस तर तारीख पुढं गेली असती. आबा म्हणतच हुते, पहिली आली तर न्हाय म्हणायला आपल्यालाच अवघड जाईल. आता कुणाला काय म्हणायलाच नको. नाराज होऊ नको. लग्नानंतर आपण दोघं मिळून जुनी चाकं बसवू, मी स्वतः बसवतो."

तो हे समजूत घालायला म्हणत होता. त्याच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं, हेच संयोगिताला नंतर सगळ्यात जास्त आठवलं. कपट असतं तर एखादे दिवशी तो लाजला असता.

"बरं," पूर्णिमा म्हणाली. आईच्या हातातली बाटली घेऊन तिनं पाणी प्यायलं आणि बाटली परत दिली.

संध्याकाळी घरी सगळे दमले होते. विजयसिंह तेवढे खुशीत होते. बाळासोंनी निघताना त्यांना मिठी मारली होती. आक्कांनी विचारलं, पोरगी कुठं हाय? पोरगी जिन्यात बसली होती. तिला वर बोलावलं, ताट वाढलं. दोन घास झाल्यावर तिनं पृथ्वीराज काय म्हणाला ते जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द वाढवला नाही की गाळला नाही.

विजयसिंहांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाले, "मग? खरंच बोलला की पोरगा. समजूतदार हाय."

"तोंडावर खरं सांगणारा नवरा मिळत न्हाय बाई," आक्का म्हणाल्या. "आमच्यांनी जन्मात कधी सांगितलं न्हाय."

"त्याला म्हाईत हुतं, पप्पा. आणि तो गप बसला."

"बापाच्या मानासाठी बसला. घरंदाज पोरगं असंच करणार. आणि तुला काय कमी पडलंय? गाडी त्यानं काढून घेतली का? चालव की लग्नानंतर, कोण नको म्हणतंय?"

संयोगिता आमटी वाढत होती. वाटी भरली, ओघळली, तिच्या हातावर चटका बसला तेव्हा तिला कळलं. तिनं पातेलं खाली ठेवलं. "अहो, त्या चाकांनी आज पोरगी गाडीसकट उलटली असती," ती म्हणाली. "शुक्रवारी मी स्वतः बसले हुते गाडीत."

तिघांनीही तिच्याकडे बघितलं. पहिली बोलली ती पूर्णिमा, आणि ती चिडलेली नव्हती.

"आता नको, आई. शुक्रवारी बोलायचं हुतं ते. मी किल्ली मागितली हुती."

विजयसिंहांना यातलं काही माहीत नव्हतं. कसली किल्ली, असं त्यांनी विचारलं. पूर्णिमा ताटात बोट फिरवत होती. "मला भांडायचं न्हाय कुणाशी," ती म्हणाली. "होऊ दे लग्न. गाडीवर परत कापड घाला. मला कंटाळा आलाय."

"शहाणी हाय पोर," आक्का म्हणाल्या.

संयोगितानं मुलीकडे बघितलं. चोवीस वर्षांची पोर, आणि आवाज असा की धुणं वाळत घालायचं राहिलं म्हणून सांगावं. हा आवाज तिच्या चांगल्या ओळखीचा होता. या आवाजात तिनं पंचवीस वर्षं भाज्या विचारल्या होत्या, पावण्यांची चौकशी केली होती, नवऱ्याला दुकानाच्या किल्ल्या दिल्या होत्या, आणि घरातल्या कुणाला त्यात काही कमी असल्यासारखं वाटलं नव्हतं.

"पूर्णिमा," ती म्हणाली, "तुला पृथ्वीराज पाहिजे का?"

"आता काय विचारतीस."

"व्हय का न्हाय, एवढंच सांग."

विजयसिंह म्हणाले, हे काय लावलंय जेवताना. आक्का म्हणाल्या, संयोगिता, तोंड आवर. पूर्णिमानं ताट बाजूला सारलं.

"न्हाय," ती म्हणाली. "पण तुझ्यानं काय होणार न्हाय."

संयोगिता शेगडीकडे वळली. तिनं गॅस बंद केला, हात पुसला. भाजलेली जागा लाल झाली होती, ती तिनं झाकली नाही.

"उद्या सकाळी मी चाकं उतरवून घेते," ती म्हणाली. "टेम्पोत घालून वारणानगरला नेऊन देते."

"डोकं फिरलं काय?" विजयसिंह उठलेच. "आहेर परत केला म्हणजे काय होतंय, कळतंय का तुला?"

"कळतंय," संयोगिता म्हणाली. "साड्या आणि दागिनंबी त्याच टेम्पोत जातील. हे लग्न होणार न्हाय. बाळासो पावण्यांना मीच सांगणार हाय, तुम्ही फोन करायचा न्हाय."